मुलीच्या स्वप्नाला परस्पर बढती

भांडुपहून एक वडील लिहितात: "मुलीला बारावी कॉमर्सला ६१ टक्के मिळाले. तिला सिनेमॅटोग्राफर व्हायचंय. आम्ही म्हणतो, दुसऱ्याच्या हाताखाली कॅमेरा धरण्यापेक्षा थेट डिरेक्टर हो. अंधेरीत एक वर्षाचा कोर्स आहे, त्यासाठी फंडातून पैसे काढतोय. कॅमेऱ्याचं अवजड काम मुलीला झेपणारही नाही. तिने मोबाइलवर काढलेली एक क्लिप पाठवतोय, पण त्यात स्टोरी काहीच नाही."

दादा, ६१ टक्क्यांचं सोडा. मला काळजी वाटते ती तुमच्या उत्साहाची. विरोध करणाऱ्या बापाशी भांडता तरी येतं. पैसे हातात घेऊन "हे नको, ते कर" म्हणणाऱ्या बापाला मुलगी नाही कशी म्हणणार? त्यात पैसे फंडाचे. उद्या काम मिळायला चार वर्षं लागली, तर रोजच्या ताटात तो फंड वाढला जाईल. तिला नेमकं काय करायचंय, यावर तुमच्या पत्रात जेमतेम एक ओळ आहे.

ती क्लिप मी पुन्हा पुन्हा पाहिली. खिडकीशी आई लसूण सोलतेय. ट्यूबलाइट बंद आहे, त्यामुळे उजेड एकाच बाजूने आईच्या बोटांवर आणि सुपातल्या सालींवर पडतो. ऊन सरकतं, चेहरा काळोखात जातो, तरी कॅमेरा हलत नाही. अशा वेळी मोबाइल आपणहून चित्र उजळ करतो; तिने ते लॉक केलेलं दिसतं. दिवस मावळला तरी बाईचं काम उरलेलंच आहे, एवढं त्यातून कळतं. आणखी कसली स्टोरी हवी?

कॅमेरा म्हणजे दिग्दर्शनाची खालची पायरी, हा समज मात्र आजच काढून टाका. दिग्दर्शक गोविंद निहलानी छायालेखक, म्हणजे सिनेमॅटोग्राफर, व्ही. के. मूर्तींच्या हाताखालीच घडले. 'अंकुर', 'निशांत', 'मंथन'चा कॅमेरा त्यांचा. १९८० मध्ये 'आक्रोश' दिग्दर्शित केला तेव्हाही छायालेखन स्वतःच केलं. मूर्ती शेवटपर्यंत छायालेखकच राहिले आणि २००८ सालचा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. अविनाश अरुण यांनी 'किल्ला' दिग्दर्शित करून स्वतःच चित्रित केला आणि त्यानंतर 'मसान'साठी दुसऱ्या दिग्दर्शकाचा कॅमेराही सांभाळला. यात कुणी वर चढलं, कुणी खाली उतरलं?

आणि मुलीला न झेपण्याचं म्हणाल, तर बी. आर. विजयालक्ष्मी यांनी १९८५ पासून तमिळ चित्रपटांचं छायालेखन केलं, पुढे दिग्दर्शनही केलं. लाइट आणि ट्रॉली हलवायला सेटवर माणसं असतात. झेपावं लागतं ते बारा तासांचं शिफ्ट, रात्रीचं शूट आणि दोन कामांमधले रिकामे महिने. ते मुलग्यांनाही जड जातं.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे एफटीआयआयच्या, तीन वर्षांच्या छायालेखन अभ्यासक्रमासाठी आधी पदवी लागते, कोणत्याही शाखेची, मग प्रवेश परीक्षा. तेव्हा आत्ता तिला मुंबईतच बीएएमएमसी ही माध्यमांची पदवी किंवा चक्क बीकॉम करू द्या. सुट्टीत कॅमेरे भाड्याने देणाऱ्या एखाद्या ठिकाणी लेन्स पुसायचं काम मिळालं तरी करू द्या. अठराव्या वर्षी ते उत्तम शिक्षण आहे. अंधेरीची फी भरू नका. फंडाला हात लावू नका.

पुढचं पत्र तिचं येऊ दे. दिग्दर्शन करायचंच नसेल तर तेही तिने मोकळेपणी लिहावं, आणि ते पत्र तुम्ही न वाचता मला पाठवावं.