शब्द नसलेल्या प्रयोगाची संहिता

चित्रकलेची पदविका पूर्ण झाल्यावर आपल्याला बारा मिनिटांची एक कलाकृती उभी करायची आहे. तीत मागच्या पडद्यावर चलत्चित्र असेल, स्वतः ध्वनिमुद्रित केलेले आवाज असतील आणि त्या दोहोंसमोर आपण स्वतः हालचाली कराल. मात्र सभागृहाच्या परवानगीसाठी गेल्यावर ‘हे नाटक, नृत्य की सिनेमा’ असे विचारून अर्ज परत करण्यात आला, असे आपण लिहिले आहे. आधी कोणते सॉफ्टवेअर शिकावे, हा आपला दुसरा प्रश्न आहे आणि त्याला माझ्या मते फारसे महत्त्व नाही. चित्रासाठी दा विंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती आणि ध्वनीसाठी ऑडॅसिटी किंवा रीपर घ्यावे व पुढे जावे. संकलनाचे प्राथमिक धडे आपण गिरवले असतील असे मी गृहीत धरतो. परवानगीचा प्रश्न मात्र मी स्वतः भोगलेला आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

ज्या कार्यालयाशी माझा संबंध आला त्याचे नाव येथे घेत नाही. तो अनुभव जुना आहे, नियम व माणसे दोन्ही बदललेली असू शकतात आणि मी कायद्याचा जाणकारही नाही. तेथील छापील अर्जात लेखकाचे नाव, भाषा, अंकांची संख्या आणि पात्रांची संख्या असे रकाने होते. आमच्या प्रयोगात एकही उच्चारलेला शब्द नव्हता. ‘भाषा’ या रकान्यात आम्ही ‘लागू नाही’ असे लिहिले, तर तो रकाना रिकामा ठेवता येत नाही, असे सांगण्यात आले. तो रिकामा नव्हता, हे समजावण्यात एक संपूर्ण दुपार गेली. पुढे संहितेची प्रत मागण्यात आली. संपूर्ण प्रयोगाचे चित्रीकरण सोबत नेले होते, पण ते पाहण्याची सोय नाही आणि पाहण्याची पद्धतही नाही, असे उत्तर मिळाले. एका टेबलावर, पडद्यावर हलते चित्र आहे म्हणजे हा विषय आमचा नाही, असे ठरले. दुसऱ्या टेबलावर, समोर जिवंत माणूस आहे म्हणजे हा विषय आमचाही नाही, असे ठरले. दोन्ही टेबलांमध्ये फार तर दहा पावलांचे अंतर असेल, पण त्या दोघांनी आपसांत बोलावे, हे कोणालाही सुचले नाही.

सभागृहासाठी भरलेली अनामत रक्कम गेली, पण त्याहून मोठे नुकसान दुसरेच झाले, आणि आपल्या बाबतीत ते टळावे म्हणून मी हे लिहीत आहे. परवानगी अगदी शेवटच्या क्षणी हाती आल्यामुळे प्रत्यक्ष सभागृहातली तांत्रिक तालीम झालीच नाही. नाटकवाल्यांना ती चुकली तरी नट सांभाळून नेतात. कालाधिष्ठित, म्हणजे ठरलेल्या वेळात उलगडणाऱ्या कलाकृतीत चित्र, ध्वनी आणि शरीर यांचा मेळ हाच आशय असतो आणि तो घरच्या खोलीत जुळला म्हणून सभागृहात जुळेल, असे मुळीच नसते. प्रोजेक्टर स्वतःच चित्रावर प्रक्रिया करतो आणि त्यात चित्र किंचित मागे पडते. ब्लूटूथ स्पीकर असेल तर आवाज सेकंदाच्या दहाव्या ते पाचव्या भागाइतका उशिरा येऊ शकतो, म्हणून तो तालमीतही वापरू नये. शिवाय ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो; म्हणजे स्पीकरपासून सतरा मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला तो सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा ऐकू येतो, आणि सेकंदाला २५ चौकटींच्या (फ्रेमच्या) चित्रात हा उशीर एका चौकटीहून अधिक भरतो. मागच्या रांगेसाठी आवाज पुढे ओढू नये, कारण मग पुढच्या रांगांना तो चित्राच्या आधी ऐकू येईल, आणि आवाज आधी आलेला मनाला फार लवकर खटकतो. मधल्या रांगेत बसून मेळ जुळवावा. पण हे सगळे करायला ते सभागृह आदल्या दिवशी ताब्यात हवे, आणि नेमका तोच दिवस कार्यालयाच्या टेबलांमध्ये खर्च होतो.

यावर मला सापडलेला मार्ग असा की संहिता मागितली तर वाद घालू नये, संहिता द्यावी. मात्र ती काळाची संहिता असावी. कागदावर चार रकाने आखावेत: वेळ, काय दिसते, काय ऐकू येते आणि सादरकर्ता काय करतो. ‘२ मि. १० से.: पडद्यावर पाण्याचा पृष्ठभाग, दूरवर पंपाचा आवाज सुरू, सादरकर्ता डावीकडून येऊन पाठमोरा उभा’ अशी एकेक नोंद करावी. शांतता असेल तेथे ‘शांतता, ४० सेकंद’ असे स्पष्ट लिहावे, कारण न लिहिलेली शांतता तालमीत नेहमी आखडते. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांची १९५२ साली सादर झालेली ४ मिनिटे ३३ सेकंदांची रचना आपणास माहीत असेल. तीत पियानोवादक एकही स्वर वाजवत नाही, पण तिचे तीन भाग आणि त्यांचे काळ ठरलेले आहेत आणि पहिल्या सादरीकरणात डेव्हिड ट्यूडर यांनी ते भाग पियानोचे झाकण मिटून व उघडून दाखवले. शब्द किंवा स्वर नसले तरी संहिता असू शकते, याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही. हा दाखला कार्यालयात मात्र देऊ नये.

असे कागद तयार झाल्यावर त्या कार्यालयात काय झाले? त्यांनी पाने मोजली, प्रत्येक पानावर सही घेतली आणि फाइल पुढे सरकली. ते कोणी वाचले असेल, असे मला वाटत नाही. पण त्या कागदांचा खरा उपयोग मला चित्र व ध्वनी चालवणाऱ्या ऑपरेटरच्या शेजारी बसल्यावर कळला: कोणत्या क्षणी काय सुरू करायचे, हे त्यांवरूनच कळते. सॉफ्टवेअर शिकण्याआधी हे चार रकाने लिहायला शिकावे, हे माझे ठाम मत आहे. कोणाला ते जुनाट वाटेल.

रकाने लिहू लागल्यावर एक गोष्ट लगेच ध्यानात येते, ती म्हणजे बारा मिनिटांचे चित्र एका सलग फाइलमध्ये बांधून त्यामागे शरीराला पळवणे चुकीचे आहे. शरीर दोन दिवस एकाच गतीने चालत नाही. चित्राचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी थांबता येईल अशी स्थिर किंवा पुनरावृत्त होणारी जागा ठेवावी आणि पुढचा क्यू, म्हणजे पुढचा तुकडा सुरू करण्याचा इशारा, ऑपरेटरने सादरकर्त्याकडे पाहून द्यावा. मॅक संगणक असेल तर क्यूलॅब हे सॉफ्टवेअर या कामासाठीच आहे. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले चित्रकथी वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीने कथा गात एकेक चित्र बदलतात आणि तेथे चित्र गाणाऱ्यासाठी थांबते. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरच्या रंगवलेल्या चित्रांचे खेळ निवेदन आणि गाण्यांसह दाखवायला सुरुवात केली, तेव्हा सिनेमा अजून मुंबईत यायचा होता. जमल्यास पिंगुळीला एकदा जाऊन यावे. एखाद्या महागड्या कार्यशाळेपेक्षा तेथे अधिक शिकायला मिळते, असे मी म्हणेन. आपला प्रकार कोणत्याच रकान्यात बसत नाही, याची खंतही करू नये. चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये मुंबईत फेलोशिपच्या पैशांतून चित्रकार आणि छायालेखक यांना एकत्र काम करता येईल अशी कार्यशाळा उभारली आणि तरुणपणी चित्रकार नलिनी मलानी यांनी तेथेच चलत्चित्राचे प्रयोग केले. इतक्या वर्षांनंतरही अर्जावर त्यासाठी रकाना नाही, एवढेच.

काळ हाताळण्याचा सराव हवा असेल तर दादासाहेब फाळके यांनी केलेला प्रयोग करून पाहावा. त्यांनी कुंडीत वाटाणा लावून त्याची वाढ एकेक चौकट करून टिपली होती. मोबाइल स्थिर ठेवून दर तासाला एक चौकट घेतली तर पूर्ण दिवसाच्या २४ चौकटी होतात, म्हणजे पडद्यावर जेमतेम एक सेकंद. अर्ध्या मिनिटाच्या चित्रासाठी महिना लागतो. रात्रीच्या चौकटींसाठी एकच दिवा कायम जळता ठेवावा, नाहीतर चित्र लुकलुकते.

मोबाइलवरच चित्रण करणार असाल तर आणखी एक सूचना आहे. बरेच मोबाइल उजेडानुसार सेकंदातल्या चौकटींची संख्या बदलतात आणि लांब चित्रणात आवाज हळूहळू सुटत जातो. संकलनापूर्वी ती फाइल हँडब्रेकसारख्या साधनातून सेकंदाला २५ अशा स्थिर गतीत बदलून घ्यावी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखाली शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा, म्हणजे चित्र लुकलुकत नाही. जुन्या गाण्यांचा मोह मात्र आवरावा. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतात, पण त्यातले शब्द आणि चाल यांचे हक्क कवी व संगीतकार यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालू राहतात, आणि नेमकी हीच बाब तबकडी जुनी आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. स्वतः ध्वनिमुद्रित केलेले आवाज वापरण्याचा आपला निर्णय योग्य आहे.

आता कार्यालयाकडे परत जाताना अर्जासोबत काळाची संहिता जोडावी, वर एका परिच्छेदात प्रयोगाचे साधे वर्णन द्यावे आणि अर्ज देताच प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. ‘हा प्रकार आमच्याकडे येत नाही’ असे तोंडी उत्तर मिळाले तर तेच लेखी मागावे; माझ्या अनुभवात लेखी मागितल्यावर टेबले एकमेकांशी बोलू लागतात. तरीही हालचाल झाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करून आपला अर्ज कोणत्या नियमाखाली कोणाकडे आहे, एवढेच विचारावे. उत्तरासाठी साधारण ३० दिवसांची मुदत असते, म्हणून सभागृहाची तारीख त्या हिशेबानेच मागावी आणि आदल्या दिवसाचे भाडेही त्याच अर्जात भरावे. संहितेचे पहिले पान तयार झाले की येथे टाकावे, मी पाहून सांगेन. चित्रण सध्या पाठवू नये.