पाणी मारुतीच्या कुठवर?

प्रश्न : तिसरीच्या मुलांना परिसर अभ्यासासाठी गोदाकाठी न्यायचंय. नोंदी कशा करून घेऊ?
– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : बाई, छापील प्रश्नावली शाळेतच ठेवा. मुलांना थेट गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीसमोर उभं करा. गोदेला पूर आला की अख्खं नाशिक एकच विचारतं : पाणी कुठवर, मारुतीच्या कमरेला की गळ्याला? मुलांनी मूर्तीचं चित्र काढावं आणि फुलवाल्या मावशींना, १९६९चा पूर पाहिलेल्या आजोबांना विचारून त्यावर रेघा माराव्यात. शेजारी साल आणि सांगणारा कोण, तेही. दोघांच्या रेघा जुळल्या नाहीत तर खोडायच्या नाहीत. खरी मजा तिथंच! (मोबाइलवर फोटो नकोत, हातानंच काढू दे.) वेळ उरला तर जवळच्या नारोशंकर मंदिराची घंटा दाखवा; पुराचं पाणी तिच्याशीही ताडतात. सहल मात्र पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतरच काढा.