गिऱ्हाईक विसरा, आधी कार्ड मिटवा

रावेरचे एक माध्यमिक शिक्षक लिहितात: ‘चार वर्षांपूर्वी जळगावच्या हॉटेलात मोफत जेवण म्हणून बोलावलं आणि २५ वर्षांची हॉलिडे मेंबरशिप गळ्यात मारली, ३.६ लाखांची. दोनदाच गेलो. एएमसी, म्हणजे देखभाल शुल्क, वर्षाला १८,००० रुपये. आता फोन येतोय की ५.२५ लाखांना गिऱ्हाईक तयार आहे, एनओसी (ना हरकत पत्र) आणि जीएसटीचे ४२,००० आधी भरा. पतसंस्थेतली तीन लाखांची एफडी मोडून भरू का? (मेंबरशिपचे १.१० लाख अजून क्रेडिट कार्डावर आहेत, पण मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, न चुकता भरतो.)’

नका भरू, सर. वापरलेली मेंबरशिप मूळ किमतीच्या जवळपास दीडपटीनं कोण घेईल? खरा दलाल आपलं कमिशन सौद्यातून कापून घेतो. ‘४२,००० विक्रीच्या रकमेतून वळते करा’ एवढं म्हणून बघा, फोन बंद होईल. भरलेत तर पुढच्या आठवड्यात टीडीएस, मग ‘आरबीआय क्लिअरन्स’, असं लचांड सुरूच राहील. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर कळवा.

मला धडकी भरली ती कंसातल्या वाक्यानं. कार्डाचं व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के. १.१० लाखांवर ३,८५० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेचार हजार. तुम्ही साडेपाच हजारांच्या आसपास भरत असणार, त्यातले जेमतेम हजार मुद्दलात जातात. त्यात बाकी शिल्लक असताना त्याच कार्डावर किराणा घेतलात, तर त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. फोनवाला ४२,००० मागतोय. कार्ड दरवर्षी ५४,००० नेतंय, आणि त्याचा तुम्हाला राग येत नाही!

समोर एफडी पडून आहे. नऊ टक्के धरले तरी १.१० लाखांचे महिन्याला सव्वाआठशे मिळतात. मोडा. मुदतीआधी मोडल्याचं व्याज कापलं तर कापू द्या. कार्डाची पूर्ण बाकी एकाच दिवशी भरा. पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज येईल, तेही भरा, मगच बाकी नसल्याचं ‘नो ड्यूज’ पत्र मागा. उरलेले १.९० लाख राष्ट्रीयीकृत बँकेत हलवा. पाच लाखांचं ठेव-विमा संरक्षण पतसंस्थेला नसतं, आणि पतसंस्थांत ठेवी अडकलेल्या जळगाव जिल्ह्यात राहून याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मेंबरशिपचं म्हणाल तर करारावरच्याच नंबरवर विचारा: हस्तांतर होतं का, फी किती, रद्द केल्यास काय कापता. विनंती ईमेलनं आणि स्पीड पोस्टनं पाठवा, पोचपावती जपा. फसवून विकल्याची तक्रार दोन वर्षांत करायची होती, ती मुदत गेली. पण एएमसी भरूनही यंदा बुकिंग नाकारलं, तर ते नवं कारण. ‘उपलब्ध नाही’चे तारखेसह स्क्रीनशॉट काढा, ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर नोंदवा, मग जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. पैसे परत आले तर घ्या, पण त्या पैशांच्या भरवशावर बसू नका. आणि एएमसी बंद करण्याआधी करारातलं थकबाकीचं कलम वाचा, काही कंपन्या त्यावरही व्याज लावतात.