पडणाऱ्या दाढेला टोपी कशाला?

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची आहे. खालच्या शेवटच्या दाढेला कीड लागून खड्डा पडलाय, शेजारी हिरडीवर बारीक पुळी आहे. डॉक्टरांनी रूट कॅनॉल आणि स्टीलची टोपी सांगितली. सासूबाई म्हणतात, दुधाचीच दाढ, काढून टाका. काय करावं?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : दुधाची दाढ पडणार, पण कधी? पुढचे दात 6-7 व्या वर्षी पडतात, ही दाढ 10 ते 12 व्या. म्हणजे अजून सहा-सात वर्षं तिच्यावर जेवायचंय. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ हिच्याच मागे येते. ही आत्ता काढली तर मागची पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा जाते. जागा धरून ठेवणारी साधी पट्टीही इथे चालत नाही, कारण ती अडकवायला मागे अजून दातच नाही.

पुळी म्हणजे आतली नस मेली, पू झाला. त्यामुळे नुसतं सिमेंट भरून भागणार नाही. अँटिबायोटिकने पुळी बसते, औषध संपलं की परत येते. आधी एक्स-रे काढा. मुळं बरीच झिजली असतील किंवा हाड फार खाल्लं गेलं असेल, तर मात्र सासूबाईंचंच खरं.

दाढ वाचणार असेल तर मुळांतल्या नळ्या साफ करून त्यांत विरघळणारी पेस्ट भरतात. मोठ्यांच्या दातांत भरतात ती गटापर्चा नव्हे; मूळ झिजत जातं, ती तशीच राहते. हे डॉक्टरांना जरूर विचारा. पोखरलेल्या दाढेच्या भिंती पातळ असतात, नुसतं फिलिंग टिकत नाही, म्हणून टोपी. ती पुढे दाढेबरोबरच पडते.

भुलीच्या इंजेक्शनमुळे घरी आल्यावर दोन-तीन तास ओठ बधिर असतो. मुलं तो गंमत म्हणून चावतात आणि दुसऱ्या दिवशी ओठ टम्म सुजतो. बधिरपणा जाईपर्यंत काही चावायला देऊ नका, लक्ष ठेवा. गाल किंवा जबड्याखाली सूज आली, ताप चढला, तर त्याच दिवशी दाखवा. आणि लवंग तेल नको, कोवळी हिरडी भाजते.

प्रश्न : नातू दोन वर्षांचा. वरचे पुढचे दात तपकिरी झालेत. बाटली तोंडात धरूनच झोपतो. डॉक्टर दात काळे करणारं औषध लावू म्हणतात!
— एक आजोबा, नौपाडा, ठाणे

उत्तर : आजोबा, ते सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, 38 टक्के. दात कोरडा करून मिनिटभर लावतात. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. काळा पडतो तो किडलेलाच भाग, आणि कीड थांबली की टणक होतो. ओठाला लागलं तर डाग पडतो, काही दिवसांत जातो. सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. दिसायला वाईट, पण या वयात भूल देऊन काम करण्यापेक्षा आम्हाला तरी हेच बरं वाटतं.

बाटली मात्र सुटायलाच हवी. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांवर तसंच साचून राहतं. रात्री फक्त पाणी. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, 1000 पीपीएम फ्लोराइडची, आणि ब्रश मोठ्यांनी फिरवायचा. लहान मुलांच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. ट्यूबवरचं कार्टून सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा.