रात्री अडीचचं लॉगिन

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी) आहे, अँटिव्हायरस आहे. तरी लॉगवर, म्हणजे संगणकांत आपोआप होणाऱ्या नोंदींवर, नजर ठेवणारी यंत्रणा हवीच का? – एक व्यवस्थापक, सांगली जिल्हा

उत्तर : हवीच, साहेब. मी रात्रपाळीत अशाच नोंदींच्या स्क्रीनसमोर बसतो, म्हणून सांगतो. गेल्या पावसाळ्यात रात्री अडीचला एका युजर आयडीवर चुकीच्या पासवर्डचे चाळीस प्रयत्न दिसले, एकेचाळिसावा बरोबर. फायरवॉलच्या लेखी ते साधं लॉगिन. पण आयडी ज्या बाईंचा, त्या बाळंतपणाच्या रजेवर! रजेची नोंद आणि लॉगिनची नोंद शेजारी ठेवली तेव्हा कळलं. आयडी तिथल्या तिथं बंद केला.

नोंदी अशा शेजारी ठेवून बघणं का हवं, हे कळायला पुण्याची कॉसमॉस बँक आठवा. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी बनावट स्विच (एटीएमच्या विनंत्या बँकेकडे नेणारी यंत्रणा) उभा करून एटीएमच्या विनंत्या परस्पर मंजूर केल्या, बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत त्या पोचल्याच नाहीत. एकूण सुमारे ९४ कोटी गेले.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे, सायबर हल्ल्यासारखी घटना त्या संस्थेला ६ तासांत कळवायची. महागडं सॉफ्टवेअर नंतर बघू. आधी सगळ्या सर्व्हरांची घड्याळं जुळवून घ्या, नाहीतर नोंदींचा मेळच लागत नाही. आणि रात्री अलर्ट आला तर फोन कुणी उचलायचा, ते नाव आजच ठरवा.