‘न्यू मून’ प्रथमच वाचणाऱ्यांसाठी
स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ (२००५) ही व्हॅम्पायर-प्रेमकथा संपवून आपण २००६ सालचा हा दुसरा भाग हाती घेत असाल, तर सुरुवातीच्या प्रकरणांतच नायिका बेलाचा व्हॅम्पायर प्रियकर एडवर्ड निघून जातो म्हणून पुस्तक मिटू नये, ही माझी मनापासूनची विनंती आहे. पुढे ऑक्टोबर ते जानेवारी या महिन्यांची केवळ नावे छापलेली कोरी पाने येतात. ती घाईने उलटू नयेत, कारण बेलाचे दुःख तिथे शब्दांवाचून जितके पोहोचते, तितके नंतरच्या वर्णनांतही पोहोचत नाही. मधला भाग बेलाचा मित्र जेकब याचा आहे आणि माझ्या मते तोच या कादंबरीचा प्राण आहे. जुन्या मोटारसायकली दुरुस्त करताना वाढत गेलेली त्यांची मैत्री सावकाश वाचावी, म्हणजे बेला इटलीतील व्होल्तेराकडे धाव घेते तेव्हा ती मागे काय सोडून जात आहे, हे उमगते. चित्रपट मात्र नंतरच पाहावा.