वाचनाच्या तासाला जकात नको

प्रश्न : मी कोथरूडमधील एका अनुदानित मराठी शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. वर्गात ४२ मुले आहेत. मधल्या सुट्टीनंतरची १५ मिनिटे मुलांना हवे ते पुस्तक वाचू द्यावे, असा उपक्रम मी दिवाळीनंतर सुरू केला. मुख्याध्यापकांचे म्हणणे असे, की यात अभ्यासक्रमाचा वेळ जातो आणि मुले नुसती पाने उलटतात. आठ-दहा मुलांना अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत, हेही खरे आहे. उपक्रम चालू ठेवावा का, आणि ठेवल्यास मुले खरोखर वाचतात हे कसे तपासावे?
— एक शिक्षिका, कोथरूड

उत्तर : उपक्रम अवश्य चालू ठेवावा. तपासण्याविषयी शेवटी लिहितो, कारण घोटाळा बहुधा तिथेच होतो.

आधी वेळेचा हिशेब करू. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. रोज १५ मिनिटे धरली, तर वर्षाचे ५० तास होतात, म्हणजे जुन्या हिशेबाने रुपयातला एक आणा. याच कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे नमूद आहे. गोष्टींची पुस्तके ठेवायला कायदा सांगतो आणि ती वाचायला मात्र वेळापत्रकात जागा नाही, ही विसंगती मुख्याध्यापकांपुढे नम्रपणे मांडावी.

त्यांची दुसरी शंका अधिक गंभीर आहे आणि ती झटकून टाकू नये. मुलांना केवळ गप्प बसवून वाचायला सांगितल्याने त्यांच्या वाचनाचा ओघ सुधारतो, याला पुरेसा प्रायोगिक आधार मिळत नाही, असे अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन मंडळाने २००० साली आपल्या अहवालात म्हटले होते. त्याचा अर्थ स्ववाचन निरुपयोगी आहे असा नव्हे आणि त्या मंडळानेही तसे म्हटलेले नाही. मुले पुस्तक घेऊन बसली, बाई वह्या तपासत बसल्या आणि घंटा झाल्यावर पुस्तके पेटीत गेली, एवढ्यावरच उपक्रम थांबला, तर पाने उलटणारी मुले पानेच उलटत राहतात, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. तेव्हा वह्यांचा गठ्ठा त्या १५ मिनिटांत टेबलावर नसावा. पहिली पाच मिनिटे आपण स्वतः मुलांना दिसेल असे पुस्तक वाचावे आणि उरलेल्या वेळात तीन मुलांजवळ जाऊन हळू आवाजात त्यांच्या पुस्तकाविषयी बोलावे. रोज तीन मुले घेतली, की ४२ मुलांची एक फेरी १४ दिवसांत पुरी होते.

आपल्याकडे प्रकटवाचन आणि मूकवाचन असे दोनच कप्पे केले जातात. परंतु सात-आठ वर्षांचे मूल बहुधा या दोहोंच्या मधले, ओठांतल्या ओठांत पुटपुटणारे वाचन करते. त्यामुळे वर्गात हलकी गुणगुण असेल, तर ती खुशाल असू द्यावी. पूर्ण शांततेचा आग्रह धरला, तर नवशिक्या वाचकाचा आधारच काढून घेतल्यासारखे होते. ज्यांना जोडाक्षरे जमत नाहीत, त्यांच्यासाठी मराठीत जोडाक्षरविरहित गोष्टींची पुस्तके मिळतात, ती आणावीत. मात्र ती वेगळ्या खोक्यात, वर नाव लिहून ठेवू नयेत. सर्वांच्या पुस्तकांत ती मिसळलेली असली, म्हणजे ‘ढ मुलांची पुस्तके’ असा शिक्का त्यांच्यावर बसत नाही. अशा मुलांनी जोडीने वाचले तरी चालते. या मुलांना वाचायला शिकवण्याचा तास मात्र वेगळाच हवा. स्ववाचनाचे काम शिकलेले मुरवण्याचे आहे आणि ते शिकवण्याची जागा घेऊ शकत नाही, हे मुख्याध्यापकांशी बोलताना आपणही मान्य करावे.

आता निवडीविषयी. ‘हवे ते पुस्तक’ असे आपण लिहिले आहे, म्हणून विचारतो : मुलाला पुस्तक अर्धवट सोडता येते का? तेच पुस्तक पाचव्यांदा घेता येते का? मोठ्या ताईचे जाडजूड पुस्तक केवळ चित्रांसाठी घेतलेले चालते का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर निवड अजून आपल्याच हातात आहे. मी पाहिलेल्या एका वर्गात एक मुलगा जवळजवळ दोन आठवडे रेल्वेच्या वेळापत्रकाची मराठी पुस्तिका घेऊन बसत असे. त्याच्या बाईंनी ती काढून घेतली नाही, याचे मला आजही कौतुक वाटते. फुरसुंगी, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद अशी मिरजेच्या वाटेवरची स्थानके तो बोट ठेवून वाची आणि ‘वाल्हे’ व ‘कोल्हापूर’ यांत तेच जोडाक्षर आहे, हे त्याने आपण होऊन बाईंना दाखवले. पाठ्यपुस्तकातल्या त्याच अक्षरापाशी तो महिनाभर अडखळत होता. पुस्तक फारच कठीण आहे का, हे मुलाला स्वतःला ठरवता यावे म्हणून पाच बोटांची युक्ती शिकवता येईल : कोणतेही एक पान वाचावे, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे आणि मूठ बंद झाली, तर दुसरे पुस्तक पाहावे. मात्र हा सल्ला आहे, नियम नव्हे; मूठ बंद होऊनही मूल ते पुस्तक सोडत नसेल, तर मुलाचे ऐकावे.

निवड करायची, तर समोर पुस्तके हवीत. कुलूपबंद कपाट आणि ‘फाटतील’ ही भीती, या दोहोंनी आपल्या शाळांतील पुस्तके फार चांगल्या स्थितीत आणि न वाचलेली राहिली आहेत. वर्गाच्या भिंतीलगत सुतळी बांधून, मुखपृष्ठे दिसतील अशी पुस्तके लटकवावीत आणि दर पंधरवड्याला त्यांतली निम्मी शेजारच्या तुकडीशी बदलून घ्यावीत. पैसे कमी असतील, तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मंचावरील मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या असून त्या छापून वापरण्यास मोकळीक आहे. अप्पा बळवंत चौकात खरेदीला जाल, तेव्हा वर्गातल्या दोन मुलांना पालकांच्या परवानगीने बरोबर न्यावे. त्यांची निवड आपल्याला आवडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आणि तपासणी. गोष्टीचे तात्पर्य, पाच प्रश्नांची उत्तरे, नवीन शब्दांची यादी ही वाचनावर बसवलेली जकात आहे. ती चुकवण्यासाठी मुले पातळ पुस्तके घेतात किंवा शेवटचे पान आधी वाचतात. आपल्या १४ दिवसांच्या फेरीत ‘आता कुठे आला आहेस?’ आणि ‘मला यातला एक तुकडा वाचून दाखवतोस का?’ एवढे दोन प्रश्न पुरतात. उत्तर आपल्या वहीत लिहावे, मुलाच्या वहीत नव्हे. वाचता येत नसेल, तर तो तुकडा ऐकताना ते लगेच कळते. पुस्तकच आवडले नसेल, तर मूल पहिल्याच प्रश्नाला खिडकीबाहेर पाहते.

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजी शाळेत चौथीत आहे. ती एकाच इंग्रजी चित्रकथा-मालिकेची पुस्तके पुनःपुन्हा वाचते. डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावरील पुस्तक महोत्सवातून मी आठ उत्तम मराठी पुस्तके आणली. तिने त्यांना हातही लावलेला नाही. काय करावे?
— एक पालक, सिंहगड रस्ता

उत्तर : ती आठही पुस्तके आपण निवडली आणि ‘उत्तम’ हा शब्दही आपलाच आहे. त्यांतली निदान पाच आपल्या लहानपणीची असावीत, असा माझा अंदाज आहे. चित्रकथा काढून घेऊ नका. पुनःपुन्हा वाचताना तिला ओळखीच्या माणसांचा सहवास मिळतो आणि वाचनाची गतीही वाढते. मराठीची अडचण आवडीची नसून वेगाची असू शकते, कारण इंग्रजीत ती सरसर वाचते आणि मराठीत तिला अक्षर लावत बसावे लागते. म्हणून मराठी पुस्तक रात्री आपण मोठ्याने वाचून दाखवावे आणि रंगात आल्यावर, भाजी करपते आहे अशा एखाद्या निमित्ताने, उठून जावे. पुस्तक उघडे राहू द्यावे. पुढच्या वेळी महोत्सवात तिच्या हाती २०० रुपये द्यावेत आणि आपण मंडपाबाहेर चहा घेत थांबावे.

प्रश्न : १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनापर्यंत सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्याला शाळेने बक्षीस द्यावे का?
— शाळा व्यवस्थापन समितीचे एक सदस्य, हडपसर

उत्तर : देऊ नये. त्या रकमेची पुस्तके आणावीत आणि कोणती आणायची, याची यादी मुलांकडून घ्यावी.